बारसं चार दिवसांवर, घर पाहुण्यांनी भरलेलं आणि स्वेटरची पाठ अजून अर्धीच: विणकाम वेळेत कसं संपवायचं

हे ज्यांना सुलट-उलट येतं, एखादा स्वेटर किंवा टोपी आधी विणून झालीये, आणि आता भाचीच्या किंवा नातवाच्या बारशाला काहीतरी हातचं द्यायचंय पण ते पूर्ण व्हायच्या आधीच बॅग भरून नातेवाईकांकडे जाऊन राहायची वेळ आलीये, अशांसाठी लिहितेय. टाके कसे घालायचे ते इथे शिकवत नाहीये, ते येतंय असं धरून चालते.

आपल्याकडे बाळाच्या विणकामाला उशीर होतो तो दरवेळी आळसामुळेच होतो असं नाही हं. बऱ्याच घरांमध्ये बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी नवीन काही आणायचं नाही, करायचं नाही असं मानतात, पहिले काही दिवस बाळाला जुनी धुतलेली मऊ कपडेच घालतात. त्यामुळे घरातल्या मोठ्यांसमोर नऊ महिने सुया बाहेर काढता येत नाहीत आणि मग बातमी आली की धावपळ सुरू. त्यात बारसं रीतीप्रमाणे बाराव्या दिवशी. हल्ली सव्वा महिन्याने किंवा हॉल मिळेल तेव्हा करतात म्हणून जरा श्वास घ्यायला मिळतो, पण त्या बदल्यात आपण आठवडाभर आधीच तिकडे मुक्कामाला जातो, आणि खरी पंचाईत तिथे होते.

माझं म्हणणं एकच आहे. हात भराभर चालवून स्वेटर लवकर होत नाही. घाईत वीण घट्ट होते, टाके निसटतात, मनगट दुखतं. काम होतं ते वाटणीने, म्हणजे कुठला भाग कुणाच्या समोर बसून विणायचा आणि कुठला फक्त एकटं असताना, आणि काय सोडून द्यायचं हे पहिल्याच दिवशी ठरवायचं.

आधी कागद-पेन घ्या आणि टाके मोजा

हे कुणी करत नाही. सगळे अंदाजाने म्हणतात "होईल गं दोन दिवसांत". तर बघा, मध्यम जाडीची बाळाची लोकर आणि ८ नंबरच्या सुया, म्हणजे ४ मिलिमीटर, यावर साधारण हाताने १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके आणि २८ ओळी बसतात. तुमचा हात वेगळा असू शकतो म्हणून एक चौकोनी तुकडा विणून मोजून घ्याच.

आता सहा महिन्यांच्या आसपासच्या बाळाचा पुढून उघडा स्वेटर घ्या, छातीचा घेर ५० सेंटीमीटर. पाठ २५ सेंटीमीटर रुंद म्हणजे ५५ टाके, उंची २५ सेंटीमीटर म्हणजे ७० ओळी. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात त्या काखेच्या गोलाईला, आणि गळ्याला कमी होणारे टाके वजा केले तर पाठीचे साधारण ३,७०० टाके. पुढचे दोन भाग मिळून ३,५००. बाही मनगटाशी ३४ टाक्यांवर सुरू होऊन वर ४६ पर्यंत जाते, सरासरी ४० धरा, ४६ ओळी, म्हणजे एका बाहीचे १,८४० आणि दोन्हींचे मिळून पुन्हा ३,७०० च्या आसपास. बटणपट्ट्या आणि गळा ९००. सगळं मिळून ११,८००, आपण १२ हजार धरू.

मिनिटाला २० टाके हा आरामात बसून विणणाऱ्याचा ठीकठाक वेग. १२ हजार भागिले २०, म्हणजे ६०० मिनिटं, १० तास. शिवण, दोरे आत घेणं आणि बटणं याला अडीच तास. टोपी २ तास, पायमोज्यांचा जोड २ तास. पूर्ण संच झाला साडेसोळा तासांचा.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण हे साडेसोळा तास एकटं, शांत, चांगल्या उजेडात बसून. पाहुण्यांच्या घरात दिवसाला असे दोन-अडीच तास मिळाले तरी नशीब, आणि बाकी गप्पा मारत विणलेल्या दोन तासांत एका तासाचंच काम होतं, म्हणजे दिवसाला साडेतीन तास. पाच दिवस असतील तर साडेसतरा. म्हणजे जेमतेम जमतंय, आणि त्यात एक दिवस कुलदैवताला जाण्यात किंवा खरेदीत गेला की गणित बोंबललं. म्हणून स्वतःचा वेग मोबाईलवर टायमर लावून एकदा मोजा, दहा मिनिटं, आणि तोही टीव्ही चालू असताना, कारण तिकडे तसंच विणायचंय.

आणि दुपट्याचा मोह अजिबात नको. ७५ सेंटीमीटरचं चौकोनी दुपटं याच लोकरीत म्हणजे १६५ टाके गुणिले २१० ओळी, ३४ हजारांच्या वर टाके, नुसतं विणायलाच २९ तास. जाड लोकर आणि ४ नंबरच्या सुया घेतल्या तरी १३ तास जातात. दुपटं पावसाळ्यात घरी बसून करायचं काम आहे, बारशाच्या घाईत नाही.

माप आणि डिझाईन ठरवताना

नवजात मापाचा स्वेटर विणू नका. बाळ दीड-दोन महिन्यांत त्यातून बाहेर पडतं आणि तुमची मेहनत कपाटात जाते. बाळ स्वेटर घालेल तेव्हा थंडी असणार आहे का, हे आधी बघा. नोव्हेंबरात जन्मलेल्या बाळाला डिसेंबर-जानेवारीत लगेच घालता येईल, त्याला तीन महिन्यांचं माप चालेल. जूनमध्ये जन्मलेल्याला दिवाळीनंतरच लागेल, तोवर ते पाच-सहा महिन्यांचं झालेलं असतं. वर हिशोबात मी सहा महिन्यांचं माप घेतलंय ते त्यासाठीच, थोडं मोठं असलं तर बाही दुमडून चालतं, लहान झालं तर काहीच करता येत नाही.

बाळ राहणार कुठे तेही बघा. नाशिक, पुणे, महाबळेश्वर, विदर्भातला हिवाळा असेल तर पूर्ण बाह्यांचा. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा असेल तर खरं सांगते बिनबाह्यांचाच करा, तिथे तोच जास्त वापरला जातो आणि तुमचे ३,७०० टाके म्हणजे तीन तास सरळ वाचतात. मुंढ्याला एक सुलट एक उलटची चार ओळींची पट्टी लावली की झालं. कुणी विचारलं तर सांगायचं की डिझाईनच तसं आहे.

डिझाईन साधं. सगळ्या ओळी सुलट, किंवा एक ओळ सुलट एक ओळ उलट, आणि हौस भागवायला छातीवर एक-दोन रंगीत पट्टे. केबल, जाळी, मोत्याची वीण हे सगळं मोजत करावं लागतं आणि मोजत असतानाच कुणीतरी "साखर कुठे ठेवलीयेस गं" असं विचारणार हे नक्की. जाळीची वीण तशीही लहान बाळाला टाळावी, त्यात बोटं अडकतात.

आणि गळ्याला रिबीन किंवा गोंड्याची लांब दोरी नको म्हणजे नकोच. दिसायला गोड दिसते पण मानेभोवती आवळायचा धोका असतो. पायमोज्याला घोट्याशी छोटी दोरी चालेल, नाहीतर चार-पाच ओळी एक सुलट एक उलट केल्या तर दोरीची गरजच पडत नाही.

पिशवीत काय काय

लोकर घरूनच पूर्ण घेऊन जा. संचाला साधारण २०० ग्रॅम पुरते, एक ५० ग्रॅमचा गुंडा जास्तीचा ठेवा. वर्धमान, ओसवाल, गंगा यांची लोकर तालुक्याच्या गावीही मिळते हे खरं, पण तुमच्या लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या खेपेतली, मिळेल याची खात्री नाही, आणि लॉट बदलला की तोच रंग एक छटा वेगळा येतो आणि तो फरक नेमका उन्हात फोटो काढताना दिसतो. लेबल फेकू नका. अगदीच कमी पडली आणि वेगळ्या लॉटची आणावी लागली तर ती बॉर्डर, गळा, बटणपट्टी इथे वापरा, किंवा दोन ओळी जुनी दोन ओळी नवी असं करत सरकवा, मग कळत नाही.

रंगाचं एक सांगते. काळी, गडद निळी, गडद मरून लोकर रात्री दिव्याच्या उजेडात विणणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा, टाका दिसतच नाही. संक्रांतीला, बोरन्हाणाला काळा स्वेटर हवा असेल तर तो फक्त दिवसा विणायचा हे धरून चाला, म्हणजे तुमचे रात्रीचे तास गेले. घाईच्या कामाला पिवळा, पिस्ता, आकाशी, अबोली असे फिके रंग.

सुया ८ नंबर अंगासाठी, १० नंबर बॉर्डरसाठी. जमलं तर वायरची गोल सुई घ्या. तिच्यावर सरळ विणकामही होतं, शेजारी बसलेल्याच्या बरगडीत टोक जात नाही, आणि उठावं लागलं तर टाके वायरवर सरकवून तशीच पिशवीत टाकता येते. बाळंतपणासाठी जी मंडळी लेकीकडे अमेरिकेला जातात त्यांनी लक्षात ठेवा, तिकडचे नंबर उलटे चालतात. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक, तिकडे नंबर वाढला की जाड. आपली ८ नंबर म्हणजे तिकडची ६ आणि आपली १० नंबर म्हणजे तिकडची ३. तिकडच्या दुकानातून ८ नंबर आणलीत तर ती ५ मिलिमीटरची निघेल आणि स्वेटर दोन वर्षांच्या मुलाचा होईल. सुईवरचे मिलिमीटर बघून घ्या म्हणजे भानगड नाही.

बाकी किरकोळ सामान म्हणजे क्रोशाची सुई, मोठ्या नाकाची बोथट सुई, टेप, छोटी कात्री, सेफ्टी पिना, आणि वेगळ्या रंगाच्या लोकरीचे विताएवढे दहा-बारा तुकडे. बटणंही आधीच घेऊन ठेवा, एक जास्तीचं, कारण काज बटणाच्या मापाने करायची असतात. सुयांच्या टोकांना खोडरबर खुपसा. आणि हे सगळं चेनच्या कापडी पिशवीत, प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगेत नाही, त्या चुरचुर आवाजाने दुपारी झोपलेलं घर जागं होतं.

निघण्याआधी आणि प्रवासात

निघण्याआधी घरी दोनच कामं उरकायची. नमुन्याचा तुकडा मोजून टाके ठरवायचे, आणि ज्या भागात डोकं लागतं ती सुरुवात करून ठेवायची, म्हणजे टाके घालून बॉर्डर संपवून अंगावर आलेली पाठ. प्रवासात टाके घालायला बसू नका, गाडी हलली की मोजणी चुकते. ट्रेनमध्ये बसायची जागा असेल तर सरळ भाग छान होतो, खरं तर ट्रेनसारखी जागा नाही, कुणी कामाला उठवत नाही. एसटी घाटात असेल तर पिशवी बंद करा आणि झोपा.

विमानाने जात असाल तर धातूच्या लांब सुया चेक-इनच्या बॅगेत टाका. अमेरिकेत विणकामाच्या सुया हातातल्या सामानात चालतात, पण प्रत्येक विमानतळावर तपासणीवाला काय म्हणेल ते सांगता येत नाही. हातात न्यायचंच असेल तर लाकडी किंवा प्लॅस्टिकची वायरवाली सुई न्या आणि निघण्याआधी सगळ्या टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवा. समजा सुई काढून घेतली तरी टाके दोऱ्यावर शाबूत राहतात.

तिकडे पोचल्यावर: कुठला भाग कधी

सगळी मेख इथेच आहे. स्वेटरचे भाग करा डोकं लागणारे आणि न लागणारे. पाठीचा सरळ भाग, पुढच्या भागांचा मुंढ्यापर्यंतचा भाग, सगळ्या ओळी सुलट असलेली बटणपट्टी, हे बिनडोक्याचं काम, ते चारचौघांत. मुंढा कमी करणं, गळ्याचा आकार, काज, गळ्याचे टाके उचलणं, शिवण, हे एकटीने.

एकटं असण्याच्या वेळा प्रत्येक घरात दोनच असतात. पहाटे घर उठायच्या आधी, आणि दुपारी जेवणं होऊन सगळे आडवे झाल्यावर. रात्री सगळे झोपल्यावर विणेन असं ठरवू नका, कारण नातेवाईकांच्या घरात रात्री झोपतच नाही कुणी, गाद्या घातल्यावर तर खऱ्या गप्पा सुरू होतात, आणि दिवसभर राबून डोळे मिटत असताना घातलेले टाके सकाळी उसवावे लागतात. पहाटेचा एक तास हा रात्रीच्या दोन तासांच्या तोडीचा. चहा मात्र स्वतःचा स्वतः करून घ्या, नाहीतर घरातली बाई तुमच्यासाठी उठेल आणि मग गप्पाच होतील.

दोन्ही बाह्या एकाच सुईवर एकदम विणा, दोन गुंडे लावून. एक ओळ या बाहीची, एक त्या बाहीची. वेळ तेवढाच लागतो पण दोन्ही हमखास सारख्या होतात, वाढवलेले टाके एकाच ओळीत येतात, आणि कितीदा व्यत्यय आला तरी मोजायचं काही उरत नाही. पुढच्या दोन भागांचंही तसंच. चार दिवस शंभर वेळा उठबस करायची असेल तेव्हा ही एक युक्ती बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कामाला येते. गुंडे मात्र पायाच्या दोन बाजूंना दोन ठेवायचे, नाहीतर पीळ पडतो.

ओळी डोक्यात मोजू नका. दर दहाव्या ओळीला त्या रंगीत तुकड्याची एक गाठ टाक्यात अडकवायची. कुणी हाक मारली, अर्ध्या तासाने परत आलात, तर गाठी मोजल्या की झालं. आणि उठताना ओळ पूर्ण करूनच उठायचं, "आले आले" म्हणायला कुणाची ना नसते. मधेच सुई टाकून उठलात की परत आल्यावर कुठल्या बाजूला चालला होता हेच कळत नाही, त्यात लहान मुलं घरात असतील तर सुई निघालेलीच सापडते.

फराळ, पुरणपोळी, सुंठवड्याचे लाडू असलं काही घरात चालू असेल तर तेलातुपाच्या आणि हळदीच्या हाताने लोकरीला शिवायचं नाही. फिक्या लोकरीवरचा हळदीचा डाग लवकर जात नाही. विणायला बसताना साबणाने हात धुवा, मांडीवर एक जुना पांढरा पंचा घ्या. हाताला क्रीम लावायची सवय असेल तर तीही रात्रीच लावा.

माणसांचं काय करायचं

एका कोपऱ्यात मान खाली घालून विणत बसलात तर दुसऱ्या दिवशी कुजबुज सुरू होते की ही आली तेव्हापासून सुयाच घेऊन बसलीये. बरोबरच आहे त्यांचं. म्हणून स्वयंपाकघरातलं एक ठरलेलं काम पहिल्याच दिवशी मागून घ्या, सकाळच्या पोळ्या म्हणा किंवा रात्रीची आवराआवर म्हणा, आणि ते मनापासून करा. मग उरलेल्या वेळात कुणी काही बोलत नाही. आणि विणायचं ते बायका जिथे मटार सोलत किंवा मेथी निवडत बसल्यात तिथेच त्यांच्यात बसून. त्यांचे हात चालू, तुमचे हात चालू, कुणाला खटकत नाही.

आत्या, मावशी, मोठ्या जाऊबाई यांच्यापैकी कुणीतरी येऊन "अगं वीण किती घट्ट पडतेय तुझी, आण इकडे" म्हणून सुया हातातून घेणारच. प्रेमच आहे ते. पण त्यांच्या चार ओळी तुमच्या विणीत वेगळ्या उठून दिसतात, आणि त्यांच्यादेखत उसवता पण येत नाही. उपाय म्हणजे आधीच त्यांना वेगळं अख्खं काम द्यायचं. "आत्या, तुमच्या हातची टोपी हवी मला, हे घ्या टाके घालून ठेवलेत". टोपी स्वतंत्र असते, तिची वीण थोडी वेगळी पडली तरी चालतं, तुमचे दोन तास वाचतात आणि बारशात आत्या सगळ्यांना सांगतात की टोपी मी विणली. पायमोजे मावशीला. जिला दोन सुया जमत नाहीत पण क्रोशा येतो तिला स्वेटरच्या कडेची क्रोशाची बॉर्डर. विणकाम अजिबात न येणाऱ्यांना लडीचे गुंडे करायला द्या, मुलांना तर ते फारच आवडतं, एकाने हातात लडी धरायची आणि एकाने गुंडाळायची, पण गुंडा सैल गुंडाळायला सांगा, ताणून गुंडाळलेली लोकर विणून झाल्यावर आखडते.

मात्र एकाच भागावर दोन हात नकोत. पाठ एकीची असेल तर ती शेवटपर्यंत तिचीच.

सल्ल्यांवर वाद घालू नका. कुणी म्हणेल बाही खालून वर, कुणी म्हणेल खांद्यापासून टाके उचलून खाली. दोन्ही बरोबर असतं. "हो का, पुढच्या वेळी तसं करते" म्हणा आणि विणत राहा.

चुकलं तर उसवायचं की नाही

घाईत उसवण्यात जास्त वेळ जातो म्हणून नियम ठरवून घ्या. माप चुकलं, एक बाही लांब झाली, दोन्ही पुढचे भाग एकाच बाजूचे झाले, तर उसवायचंच, पर्याय नाही. एखादा टाका सुलटऐवजी उलट पडलाय आणि दहा ओळींनंतर दिसला, तर अख्ख्या दहा ओळी उसवू नका. फक्त त्या टाक्याचा उभा रकाना वरून खाली सोडा, चुकलेल्या जागेपर्यंत, आणि क्रोशाच्या सुईने एकेक आडवी दोरी त्याच्यातून ओढत परत वर आणा. पाच मिनिटांचं काम. निसटलेला टाकाही तसाच वर येतो, तो दिसला की लगेच सेफ्टी पिनेत पकडायचा आणि मग शांतपणे बघायचं.

एखाद-दुसरा टाका पिळलेला असेल आणि हातभर अंतरावरून दिसत नसेल तर सोडून द्या. बाळ हलतं, त्यावर दूध सांडतं, कुणी भिंग घेऊन बघत नाही. एक टाका कमी झालाय आणि कुठे ते सापडत नाहीये तर पुढच्या ओळीत कडेला एक वाढवा.

मुंढा सुरू करण्याआधीच्या ओळीत वेगळ्या रंगाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. आकार बिघडला तर सुई काढून थेट त्या दोऱ्यापर्यंत उसवता येतं, टाके तिथेच थांबतात.

शेवटचा दीड दिवस

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत विणकाम थांबलं पाहिजे, कुठेही असलं तरी. पुढे शिवण, दोरे, बटणं आणि धुणं आहे आणि लोक नेमकं हेच विसरतात.

आधी खांदे जोडा, मग गळ्याचे टाके उचलून गळपट्टी, मग बाही मुंढ्यात बसवा, आणि शेवटी मनगटापासून काखेपर्यंत आणि तिथून खाली कमरेपर्यंत एकच सलग शिवण. सुलट बाजू समोर ठेवून, कडेच्या एका टाक्याच्या आत जी आडवी दोरी दिसते ती एकदा इकडची एकदा तिकडची उचलत जायचं, चार-पाच टाके झाले की दोरा हलकेच ओढायचा, शिवण आपोआप मिटते. जास्त ओढलंत तर चुण्या पडतात.

दोऱ्यांची टोकं शिवणीतून आत घ्या, निदान चार बोटं, आणि कापताना अगदी जवळ कापू नका. पायमोज्यांच्या आतली बाजू तर दोनदा तपासा. आत लोंबणारा एखादा दोरा बाळाच्या अंगठ्याला गुंडाळला जाऊ शकतो, आणि बाळ नुसतं रडतं, आपल्याला कळत नाही कशामुळे. बटणं दुहेरी दोऱ्याने, मागून गाठ पक्की करून, मग बोटाने जोरात ओढून बघा. निघायचंच असेल तर तुमच्या हातात निघू दे, बाळाच्या तोंडात नको.

धुवायचं कोमट पाण्यात, बेबी शाम्पूचे चार थेंब, चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करायची आणि वरून दाबायचं, पाणी टॉवेलमध्ये जातं. मग सपाट वाळत घाला, सावलीत, पंख्याखाली. दोरीवर लटकवलात तर लांबतो. पुण्या-नाशिकच्या कोरड्या थंडीत रात्रभरात वाळतो, कोकणात किंवा पावसाळ्यात दीड-दोन दिवस सुद्धा लागतात, तिथे असाल तर धुणं घरी येऊन नंतर करू असं सांगून तसाच द्या. इस्त्री नको. बाजारातली बाळाची लोकर बहुतेक ॲक्रिलिकची असते आणि तिला गरम इस्त्री लागली की वीण कायमची लुळी, चपटी होते, परत सुधारत नाही.

नाहीच झालं तर

हे आदल्या संध्याकाळी कबूल करायचं, पहाटे चारला नाही. उतरती यादी करा. टोपी आणि पायमोजे झालेत ना, मग तेच छान कागदात गुंडाळून द्या, पाळण्यात घालताना तसंही टोपडंच डोळ्यात भरतं. बाह्या राहिल्या असतील तर मुंढ्याला क्रोशाची एक फेरी मारून बिनबाह्यांचा करून टाका. गळा राहिला असेल तर टाके बंद करून क्रोशाची एक फेरी. बटणं राहिली तर वरचं एकच लावा.

एकच बाही झालेला स्वेटर देऊ नका, तो बघून सगळे फक्त दुसरी बाही कुठे ते विचारतात.

आणि थंडीतलं बारसं असेल तर पुढचा मुहूर्त तयारच असतो, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण. बाळाच्या आईला सरळ सांगा की स्वेटर बोरन्हाणाला आणते, ती उलट खूश होईल, बारशात तिला तशाही डझनभर फ्रॉक आणि झबल्यांची भेट मिळालेली असते आणि कुठलं कुणाचं ते आठवतही नाही.

देताना उरलेल्या लोकरीचा छोटा गुंडा आणि ते जास्तीचं बटण एका पुडीत घालून सोबत द्या, कधी उसवलं तर तिथल्या तिथे दुरुस्त होतं. वर चिठ्ठीवर लिहा: हाताने धुवा, इस्त्री नको, झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपी ठेवू नका, गरम होतं. बाळाची आई स्वेटर मशीनमध्येच टाकणार आहे हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे "मशीनमध्ये टाकलाच तर जाळीच्या पिशवीत, गार पाण्यात" ही पण एक ओळ खाली लिहून ठेवा.